नाताळ गोठ्यातील हातची मूर्ती : एक पुनर्विचार

आगमनकाळाचा दुसरा रविवार उलटला की आपल्या गावोगावच्या घरांतून माळ्यावरची खोकी खाली उतरू लागतात. वर्षभर जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेली पवित्र मरिया, संत योसेफ, मेंढपाळ, ज्ञानी पुरुष, उंट, गाय व गाढव पुन्हा उजेडात येतात. एखाद्या मेंढीचा कान तुटलेला असतो, एखाद्या देवदूताचा पंख गोंदाने चिकटवावा लागतो. मुले परडीत भात किंवा नाचणी पेरून नाताळपर्यंत हिरवळ तयार करतात. वडीलधारी माणसे पेंढा आणतात. घरात दुसरे चित्र नसेल, दुसरे शिल्प नसेल, परंतु नाताळचा गोठा नाही असे ख्रिस्ती घर आपल्याकडे विरळाच.

असे असूनही या गोठ्याकडे कलाकृती म्हणून आपण कधी पाहिले आहे काय? आपल्या नियतकालिकांतून कवितासंग्रहांची समीक्षा येते, कादंबऱ्यांची चर्चा होते, उपासनेतील गीतांच्या चालींवरून वादही झडतात. मात्र जी कलाकृती आपल्या घराघरांत दरवर्षी नव्याने उभी राहते, तिच्याविषयी ‘छान’, ‘सुंदर’ आणि ‘पहिला क्रमांक’ यांपलीकडे आपल्यापाशी शब्द नाहीत. ही उणीव माझ्यात किती खोलवर होती, याचा प्रत्यय मला गतवर्षी आला. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच आहे, आणि ते सांगताना मला थोडा संकोच वाटतो.

आमच्या धर्मग्रामात गोठ्यांची स्पर्धा असते. गतवर्षी मी परीक्षक होतो. सजावट, स्वच्छता, प्रमाणबद्धता व संदेश अशा चार निकषांना प्रत्येकी २५ गुण होते. एका घरी बाजारातून आणलेल्या नेहमीच्या मूर्तींच्या घोळक्यात, हिरवळीच्या कडेला, मातीची एक ओबडधोबड बाई उभी होती. ती न रंगवलेली होती आणि संत योसेफापेक्षा चांगली चार बोटे उंच होती. मी विचारले, “ही कोण?” घरातला अकरा-बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, “फादर, ही आजी.” त्याची आजी हयात नाही. पहाटेच्या लोकलने मुंबईला भाजी विकायला नेणाऱ्या आपल्या भागातील असंख्य स्त्रियांपैकी ती एक होती. मुलाने बावखलाच्या काठची माती आणून ती घडवली होती.

मी कागदावर गुण मांडले. प्रमाणबद्धतेला २५ पैकी ८. मुलाने हळूच विचारले, “फादर, काय चुकलं?” मी सहज म्हणालो, “प्रमाण चुकलं, बाळा. योसेफापेक्षा आजी मोठी कशी असेल?” तो काही बोलला नाही. पहिला क्रमांक मी एका भव्य गोठ्याला दिला. त्यात विजेवर चालणारा धबधबा होता, ताऱ्यांचे दिवे उघडझाप करीत होते आणि पाणचक्की फिरत होती. प्रभुप्रकटीकरणाच्या सणानंतर घरांना आशीर्वाद देण्यासाठी मी पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा गोठा अजून मोडलेला नव्हता. आजी मात्र तिथे नव्हती.

त्या रिकाम्या जागेने मला अस्वस्थ केले. एका धर्मगुरूच्या शब्दावरून एक स्त्री गव्हाणीपासून दूर गेली होती. माझा निर्णय कलेच्या दृष्टीने तरी बरोबर होता काय, हे तपासून पाहणे मला भाग पडले.

या विचाराची सुरुवात शुभवर्तमानापासूनच करावी लागते. संत लूकने जन्माचा प्रसंग अत्यंत मोजक्या शब्दांत सांगितला आहे : बाळ, बाळंते, गव्हाणी, उतारशाळेत नसलेली जागा, रानात रात्रीचा पहारा करणारे मेंढपाळ. त्यात गाय नाही, गाढव नाही. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून, आपल्या धन्याची गव्हाणी ओळखणाऱ्या जनावरांच्या रूपाने, भक्तांच्या कल्पनेत आले. संत मत्तय ज्ञानी पुरुषांची संख्या सांगत नाही. तीन भेटींवरून आपण तीन माणसे केली. म्हणजे गोठा हा मुळातच शुभवर्तमानाचा केवळ देखावा नसून त्याचे वाचन आहे. प्रत्येक पिढीने त्या मोजक्या शब्दांमधल्या मोकळ्या जागेत कोणाला तरी आणून उभे केले आहे.

असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे नाताळ साजरा केला, तो आपल्या गोठ्यांचा उगम मानला जातो. परंतु त्या रात्री तिथे मूर्ती नव्हत्या. गवत होते, खरा बैल व खरे गाढव होते, मिस्साबलिदान होते आणि मशाली घेऊन डोंगरावरून आलेली गावची माणसे होती. त्या गोठ्यातील पात्रे म्हणजे तेथे जमलेली माणसेच. मूर्ती नंतर आल्या. त्या आल्या त्या माणसांच्या जागी, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

मूर्तींच्या या परंपरेचे सर्वात वैभवशाली रूप अठराव्या शतकातील नेपल्समध्ये दिसते. भाजलेल्या मातीचे मस्तक, लाकडी हातपाय, तारेवर ताग गुंडाळून केलेले शरीर आणि वर खरी रेशमी वस्त्रे अशा त्या मूर्ती होत्या. राजघराण्याने व सरदारांनी त्यांवर अमाप खर्च केला. नेपल्सच्या सान मार्तिनो संग्रहालयात १८७९ साली आलेला कुचिनिएल्लो यांचा गोठा त्या वैभवाची कल्पना देतो. त्यात भाजीबाजार आहे, खानावळ आहे, लटकवलेले मांस आहे, वाद्ये वाजवणारे परदेशी पाहुणे आहेत. कारागिरी थक्क करणारी आहे. तरीही तो गोठा पाहताना बाळाला शोधावे लागते. त्यातील पुष्कळशी माणसे बाळाकडे पाहतच नाहीत; ती आपल्याकडे, प्रेक्षकाकडे पाहतात. कोणी म्हणेल की जग असेच आहे, देव जन्मला तरी बाजार चालूच राहतो, आणि त्यातही एक सत्य आहे. परंतु दागिन्यांचा प्रत्येक मणी कोरणाऱ्या त्या हातांना बाजाराचे जितके आकर्षण होते तितके गव्हाणीचे नव्हते, असे मला वाटते. आमच्या पहिल्या क्रमांकाच्या धबधब्याचे दूरचे नाते नेपल्सशीच आहे.

याच्या अगदी उलट टोकाला फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांताचे ‘सांतों’ उभे आहेत. सांतों म्हणजे तिथल्या बोलीत ‘छोटा संत’. राज्यक्रांतीच्या धामधुमीत चर्चे बंद झाली, मध्यरात्रीची मिस्सा थांबली आणि चर्चमधील गोठेही दिसेनासे झाले, तेव्हा लोकांनी गव्हाणी घरात नेली. मार्सेय येथील झाँ-लुई लान्येल (१७६४–१८२२) या मूर्तिकाराने प्लास्टरच्या साच्यांतून लहान लहान कच्च्या मातीच्या मूर्ती काढल्या. गरिबालाही त्या परवडत. १८०३ पासून मार्सेयमध्ये या मूर्तींची जत्रा भरू लागली आणि ती परंपरा आजही चालू आहे. बंद दाराचा अर्थ काय, हे २०२० च्या नाताळात महासाथीच्या निर्बंधांमुळे मध्यरात्रीच्या मिस्साला मुकलेल्या आपल्या पिढीला वेगळे समजावून सांगायला नको. त्या वर्षी आपणही घरच्या गोठ्यापुढे गुडघे टेकले होते.

वाचकहो, येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सांतों साच्यातून निघतात. दोन अर्ध्या साच्यांत माती दाबायची, ते जोडायचे, मूर्ती सोडवून घ्यायची, सांध्यावरची जादा माती कोरून काढायची, सावकाश वाळवायची आणि मग रंग द्यायचा. तेव्हा ‘साचा वाईट, हात चांगला’ असा सोपा न्याय येथे लागू पडत नाही. हाताने केलेली मूर्तीही निर्जीव असू शकते आणि साच्यातली मूर्तीही बोलू शकते. सांतोंचे मोल दुसऱ्याच गोष्टीत आहे. लान्येल व त्याच्यामागून आलेल्यांनी बेथलेहेमच्या वाटेवर आपल्याच गावची माणसे उभी केली : पिठाचे पोते खांद्यावर घेतलेला गिरणीवाला, मासे विकणारी बाई, सुऱ्यांना धार लावणारा, ढोल-बासरीवाला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालणारा आंधळा. प्रत्येकाच्या हाती त्याच्या कष्टाची वस्तू आहे आणि तीच त्याची भेट आहे. त्यांच्यात ‘राव्ही’ नावाचा एक भोळा आहे. त्याच्याजवळ काहीच नाही; तो नुसते दोन्ही हात वर करून आश्चर्याने पाहतो. रिकाम्या हाताने आला म्हणून बाकीचे त्याला हसले, तेव्हा पवित्र मरियेने त्याची बाजू घेतली आणि त्याचे ते आश्चर्यच मोठी भेट ठरले, असे प्रोव्हान्समध्ये सांगतात. संपूर्ण आगमनकाळाचे प्रवचन त्या दोन उंचावलेल्या हातांत आहे.

मात्र सांतोंनाही एक मर्यादा आली आहे. पवनचक्क्या गेल्या, धारवाला गेला, तरी मूर्ती त्याच राहिल्या. जे एकेकाळी शेजाऱ्याचे चित्र होते, ते हळूहळू हरवलेल्या गावाचे स्मरणचिन्ह बनले. हाच धोका आपल्यापुढेही आहे. आपल्या ‘देशी’ गोठ्यांत बैलगाडी असते, जाते असते, रहाटाची विहीर व कौलारू झोपडी असते. हे पाहून आपण सुखावतो. परंतु या गावात आज कोण राहते? विहिरीवर टँकर उभा आहे, वाडीशेजारी इमारत चढते आहे, तिच्या पायाशी परप्रांतातून आलेल्या मजुराचे कुटुंब पत्र्याच्या खोलीत झोपले आहे, आणि आपली मुलगी रुग्णालयातील रात्रपाळी संपवून पहाटे घरी परतते आहे. संत लूकचे मेंढपाळ हेही रात्रपाळीवरचेच लोक होते. ते आपल्या गोठ्यात कोठे आहेत?

केवळ वेशभूषा बदलल्यानेही हे साधत नाही. गोव्यात जन्मलेले व पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात कार्य केलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पवित्र मरिया साडीत रंगवली, तेव्हा त्यांच्यावर स्वकीयांकडूनच टीका झाली. आज त्या टीकेचे आपल्याला नवल वाटते. परंतु फोन्सेका यांचे यश साडीत नव्हते. त्यांची मरिया ज्या रीतीने बसते, मान ज्या कोनात झुकवते, ती रीत या भूमीतील आईची आहे. युरोपीय चेहऱ्याच्या प्लास्टरच्या मूर्तीला नऊवारी गुंडाळली म्हणून ती आपली होत नाही. देह परका राहिला तर वस्त्र हे सोंग ठरते.

आता माझ्या निर्णयाकडे परत येतो. नाताळ गोठ्यातील मूर्तीकडे पाहताना तीन प्रश्न विचारावेत, असे मला आता वाटते. तिची नजर कोठे आहे? तिने काय आणले आहे? आणि घडवणाऱ्याला ती व्यक्ती खरोखर ठाऊक आहे काय? या तीन प्रश्नांच्या उजेडात मी ती मातीची आजी मनातल्या मनात पुन्हा उभी केली, आणि पाहिले असूनही जे पाहिले नव्हते ते मला दिसू लागले.

तिच्या डोक्यावर चुंबळ होती, परंतु पाटी डोक्यावर नव्हती. ती तिने दोन्ही हातांनी कमरेशी धरली होती आणि गुडघे किंचित वाकवले होते. त्या वेळी मला ती चूक वाटली होती. चुंबळ डोक्यावर आणि पाटी हातात, हे कसे? आता कळते की त्या मुलाने एक अवघड प्रश्न सोडवला होता. डोक्यावर ओझे असलेल्या माणसाला मान झुकवता येत नाही. त्याला समोरच पाहावे लागते. बाळाकडे पाहायचे तर ओझे उतरवले पाहिजे. त्याने आजीला नेमक्या त्या क्षणी पकडले होते : पाटी उतरली आहे, चुंबळ काढायला अजून उसंत मिळालेली नाही आणि मान खाली वळू लागली आहे. सांतोंपैकी बहुतेक जण आपले ओझे घेऊन चालतच असतात. वसईच्या एका मुलाने आपल्या आजीला ते खाली ठेवू दिले. जन्मभर पहाटेची गाडी गाठणाऱ्या स्त्रीसाठी नाताळचा याहून सुंदर अर्थ मला माझ्या कोणत्याही प्रवचनात सांगता आलेला नाही.

आणि उंची? गेल्या ईस्टरनंतर मी त्या घरी मुद्दाम गेलो व मुलाला विचारले की आजी एवढी उंच का केली होती. तो म्हणाला, “लहान केली असती तर पाटीतली वांगी दिसली नसती.” वांग्यांचे माप आधी ठरले, त्यावरून पाटीचे, पाटीवरून हातांचे आणि हातांवरून आजीचे. म्हणजे प्रमाण होते. फक्त ते भेटवस्तूपासून मोजलेले होते आणि मी दुकानातल्या योसेफापासून मोजत होतो.

काही वाचक प्रामाणिक शंका काढतील. संतांच्या शेजारी घरच्या मृत व्यक्तीची मूर्ती ठेवणे योग्य आहे काय? ७८७ सालच्या निकेयाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने सांगितले की प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची प्रतिमा आहे त्याला पोचतो. आजीला कोणी पूजनीय मानत नाही. ती वंदन करणाऱ्यांच्या रांगेत आहे, वंदन स्वीकारणाऱ्यांच्या नव्हे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेच्चो येथे स्वाक्षरी केलेल्या नाताळ गोठ्याविषयीच्या प्रेषितीय पत्रातही शुभवर्तमानात न येणाऱ्या, रोजच्या कामातल्या माणसांच्या मूर्तींचे स्वागतच केले आहे. तेव्हा प्रश्न परवानगीचा नाही, दृष्टीचा आहे.

म्हणून या नाताळला प्रत्येक कुटुंबाने सगळा गोठा नव्हे, फक्त एक मूर्ती घरी घडवावी, अशी माझी विनंती आहे. विकतच्या मूर्ती टाकून देऊ नयेत. त्यांतही आपल्या वाडवडिलांची बचत व भक्ती आहे. शाडू किंवा गाळून घेतलेली चिकणमाती पुरेशी आहे. माती चांगली मळावी, म्हणजे आतली हवा निघून जाते. पाय व बूड रुंद ठेवावे, बारीक हात धडाला चिकटून असावेत, नाहीतर वाळताना ते तुटतात. वितीएवढ्या मूर्तीचे जाड धड आतून थोडे पोकरावे. वाळवण उन्हात न घालता सावलीत, ओलसर फडक्याखाली, आठ-दहा दिवस सावकाश होऊ द्यावी, म्हणजे भेगा कमी पडतात. आपली मुले दिवाळीच्या किल्ल्यासाठी शेजाऱ्यांबरोबर मावळे करतात, आळीव पेरतात. हे हात त्यांना नवे नाहीत. मात्र माती हातात घेण्यापूर्वी घरातल्यांनी एकत्र बसून ठरवावे : कोणाला बोलवायचे आहे? तो माणूस उभा कसा राहतो? काय घेऊन येईल? गव्हाणीपाशी आल्यावर त्याचे पहिले काम कोणते असेल? या चार प्रश्नांवर झालेले बोलणे हे माझ्या मते शुभवर्तमानाचे सामुदायिक वाचनच होय. मूर्ती वेडीवाकडी झाली तर होऊ द्यावी; पण ज्याला आपण ओळखत नाही त्याची गोजिरवाणी मूर्ती करू नये.

स्पर्धेच्या निकषांविषयी मी धर्मग्राम मंडळाशी बोललो आहे. ‘प्रमाणबद्धता’ हा शब्द या वर्षी कागदावर नसेल. परंतु एवढ्याने माझे देणे फिटत नाही. मी मुलाला म्हणालो, “माझी पाहण्यात चूक झाली. आजीला पुन्हा गोठ्यात ठेवशील का?” तो आतल्या खोलीत गेला आणि ती घेऊन आला. शिलाई मशीनवर एका डब्यात ती ठेवलेली होती. न भाजलेली माती. पावसाळी हवेने पाटीची एक कड झडली होती आणि दोन वांगी निखळली होती. ती मी चिकटवून देऊ का, असे मी विचारले. “नको,” तो म्हणाला, “तेवढी विकली गेली असतील.”

येत्या नाताळात त्या गोठ्यापुढे मी परीक्षक म्हणून उभा राहणार नाही. पाहुणा म्हणून जाईन.